मिटवण्याची राखी

त्या माणसाला मी राखी बांधली ती ऑफिसात, सकाळी अकरा वाजता, सगळ्या स्टाफसमोर. राखी मी आणली नव्हती. साहेबांनी आणली होती, मोठी, मधे चकचकीत गोंडा असलेली. साहेबांना असल्या कामाचा भारी उत्साह.

सोनईपासून जवळच एका खासगी दूध शीतकरण केंद्रात मी नऊ वर्षं प्रयोगशाळा सांभाळते. प्रयोगशाळा म्हणजे दहा बाय आठची खोली, एक ओटा, एक फॅट मशीन आणि नमुन्यांच्या बाटल्या. गावोगावचं दूध येतं, मी नमुना तपासते, आकडा लिहिते, मग दूध टाकीत जातं. नमुने आणून द्यायचं काम या माणसाचं. ओटा आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस कसाबसा मावेल एवढी जागा, आणि याला रोज माझ्या मागूनच पलीकडे जायचं असायचं. पलीकडे काही नव्हतं. भिंत होती.

आषाढात हे सुरू झालं. आधी चुकून लागल्यासारखा हात, मग न चुकता. मग बोलणं. "मॅडम, तुमच्या हाताला लई गोड वास येतो," असं तो नाक जवळ आणून म्हणायचा, आणि मी वळले की बाटल्या मोजत असायचा. माणूस पक्का. मोबाईलवर कधी एक शब्द लिहिला नाही. कॅमेरा बाहेर टाक्यांवर होता, दुधात कोणी पाणी घालू नये म्हणून. माझ्या खोलीत काय घातलं जातंय याची कोणाला फिकीर नव्हती.

मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे केंद्राचे व्यवस्थापक. माणूस चांगला आहे असं सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. त्यांनी दार लावलं, सगळं ऐकलं, मान डोलावली.

"ताई, लेकराबाळांचा माणूस हाय तो. एक काम करा. परवा राखीपौर्णिमा हाय. त्याला राखी बांधून टाका. एकदा भाऊ म्हटलं की मानूस आपोआप सुदरतो."

"आणि नाही बांधली तर?"

"मग तुमची बदली करतो राजूरकडच्या केंद्रावर. हवा लई चांगली हाय तिकडं."

राजूर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. माझी मुलगी सहावीत, नवरा रोज नगरला जाऊन-येऊन नोकरी करतो. बदली म्हणजे घरी बसणं, हे साहेबांना माझ्याइतकंच माहीत होतं.

हा तोडगा त्यांनी काही नवा शोधला नव्हता. मी शाळेत असताना गुरुजी हेच करायचे. पोरानं पोरीची छेड काढली की तिच्याकडून त्याला राखी बांधून घ्यायची, वर्गानं टाळ्या वाजवायच्या, झालं. पोरीला काय वाटतं हे विचारायची पद्धतच नव्हती. तरी मी त्या रात्री भावाला फोन केला. माझा सख्खा भाऊ, गावात चार लोकांत उठबस असलेला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बांधून टाक की. उगं गावभर चर्चा कशाला? माझंबी तोंड बघ जरा."

मी त्याचं तोंड बघितलं आणि राखी बांधली.

कॅन धुणाऱ्या मावशींनी ताट केलं होतं. त्यानं हसत मनगट पुढे केलं. साहेबांनी फोटो काढला आणि लगेच स्टाफच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: "आज केंद्रात रक्षाबंधन साजरे झाले. झालेला गैरसमज दूर झाला. विषय कायमचा मिटला." त्याखाली वीस-बावीस जणांनी हात जोडले.

पंधरा दिवस शांतता होती. मग सुरू झालं ते उघड्यावर. आता लपवायचं कारणच उरलं नव्हतं ना! चारचौघांत खांद्यावर हात, पाठीवर हात. "भैन हाय माझी," वर हे. मी हात झटकला की लोक मलाच म्हणायचे, "अहो, भाऊ म्हणून ठेवला त्यानं हात." आधी तो चोरून करत होता. राखीनं त्याला परवाना दिला, आणि तो परवाना मी माझ्या हातानं बांधला होता. त्याच्यापेक्षा मला स्वतःची चीड जास्त आली. आजही येते.

दिवाळीनंतर मी लेखी तक्रार दिली. महिलांच्या तक्रारींसाठी समिती असते, तिचा बोर्ड आमच्याकडे होता, कपाटाच्या मागे. कपाट मी एकटीनं सरकवलं आणि बोर्डावरची नावं लिहून घेतली. चौकशीला मुख्य ऑफिसातून दोघं आले आणि नगरहून एक वकीलबाई. साहेबही तिथेच बसले होते.

आधी मावशींना आत बोलावलं. तो प्रयोगशाळेत शिरला की या मावशी काम नसताना दारात येऊन उभ्या राहायच्या. माझा सगळा भरवसा त्यांच्यावर. त्या म्हणाल्या, "म्या कॅन धुते. मला काय दिसलं न्हाई." त्यांचं घर त्या कॅनवर चालतं, हे मला कळतं. राग यायचा तो आलाच.

मग तो. पांढराशुभ्र शर्ट घालून आला होता, कपाळाला टिळा. म्हणाला, दिवाळीनंतर मी हिच्या तपासणीतली चूक पकडली, तेव्हापासून हिनं डूख धरला. "त्याच्या आधी आमच्यात शब्दाचाबी वाद न्हवता. ही मला राखी बांधते. भैनीवर कुनी वाईट नजर ठिवतं का?" आणि त्यानं टेबलावर फोटो ठेवला. लॅमिनेशन करून आणला होता.

वकीलबाईंनी फोटो बघितला आणि माझ्याकडे बघितलं. "असं होतं तर तुम्ही राखी का बांधलीत?"

या प्रश्नाला मी तीन महिने घाबरत होते. धाकानं बांधली, हे मी म्हणणार आणि समोरचा नाही म्हणणार, पुढे काय? मग त्या चकचकीत फोटोकडे बघता बघता लक्षात आलं, यात नुसता फोटोच आहे. मी मोबाईल काढला, ग्रुपवरचा तोच फोटो शोधला आणि खालची ओळ वाचून दाखवली. झालेला गैरसमज दूर झाला. विषय कायमचा मिटला. तारीख राखीपौर्णिमेची.

वकीलबाई साहेबांकडे वळल्या. "हे म्हणतात दिवाळीपर्यंत काही वादच नव्हता. मग श्रावणात तुम्ही कुठला विषय मिटवलात?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तसं काही विशेष नव्हतं."

"विशेष नव्हतं, तर कायमचा का मिटवलात?"

साहेबांनी त्या माणसाकडे बघितलं, तो जमिनीकडे बघत होता. मग हळूच म्हणाले, "ताईंनी तोंडी सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

आणि मग त्यांना सांगावं लागलं. ओटा, भिंत, मागून जाणं, हात. मी दार लावून त्यांना जे सांगितलं होतं ते एकेक करून त्यांच्या तोंडून बाहेर आलं. मला त्यांची दया आली नाही. मी एकेक शब्द चवीनं ऐकला.

मावशींना पुन्हा बोलावलं. या वेळी त्या म्हणाल्या, "ताट म्याच केलतं. साहेबच म्हनले, त्यानं ताईला तरास दिलाय, मिटवायचं हाय म्हनून."

तक्रार खरी ठरली. त्याला कामावरून काढलं, साहेबांना ताकीद मिळाली. प्रयोगशाळेतला ओटा आता दुसऱ्या भिंतीला आहे. स्टाफमधले निम्मे लोक माझ्याशी बोलत नाहीत. फोटो जपून ठेवला म्हणजे हिचा पहिल्यापासून डाव होता, असं म्हणतात. म्हणू देत.

यंदा राखीपौर्णिमेला मुलीला घेऊन माहेरी गेले. भाऊ टोपी घालून पाटावर बसला. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. "आधी मला सांगायचं ना गं," तो म्हणाला, "त्याचे हातपाय मोडले असते."

"सांगितलं होतं. तू म्हणालास, बांधून टाक."

त्यानं नुसतं मनगट पुढे केलं. मी त्याला कुंकू लावलं, ओवाळलं. राखी उचलली आणि परत ताटात ठेवली.

"ही राहू दे," मी म्हणाले. "मला अजून काही मिटवायचं नाही."