पुराव्याच्या खोक्यात आंबे

रत्नागिरीला आंबे घेऊन जाणारा माणूस शहाणा नसतो, हे मला मान्य आहे. त्यातून मी ते भरले होते पुराव्याच्या खोक्यात.

झालं असं. आमच्या हिने, सुनंदाने, गेल्या वर्षी खेडच्या बाजारातून घरघंटी (घरगुती पिठाची गिरणी) घेतली. कुळथाची पिठी दळून विकायची होती. खोक्यावर ‘खास सवलत’ अशी चिठ्ठी चिकटवलेली. ती चिठ्ठी घरी सुटून आली आणि खाली छापील किंमत निघाली, बिलापेक्षा बरीच कमी. ही विचारायला गेली, तर दुकानदार भरल्या दुकानात म्हणाला, हा खोका आमचा नाहीच, बाईंनी कुठून तरी जुना आणलाय. तेव्हापासून ती बाजारात मागच्या गल्लीने जाऊ लागली. मी म्हटलं, सोडून दे. तिने वकीलही न लावता जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. दुकानदाराने लेखी उत्तरात तेच वाक्य पुन्हा लिहिलं. आयोग म्हणाला, फोटो पुरणार नाहीत, मूळ खोका आणा. ही शेवटची संधी. नेमका हिचा पाय मुरगळला आणि अधिकारपत्र घेऊन मला निघावं लागलं.

आता रत्नागिरीत चुलतभाऊ राहतो. रिकामा खोका घेऊन कुणाच्या दारात जाऊ नये, ही आमच्याकडची रीत. ही झोपेत असताना मी पेंढा घालून चार डझन रायवळ (गावठी आंबे) त्यात रचले आणि सुतळीने आवळले. तेव्हा मला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं.

कंडक्टरने खोका पाहिला. “काका, रत्नांग्रीत आंबे नेताय? तिकडे काय दुष्काळ पडलाय?”

मागून कोणीतरी हसलं. लोट्याला कंपनीची माणसं उतरली आणि खोका सीटखाली सरकवायला जागा झाली. परशुराम घाटात गाडी तिरकी झाली तसा खोकाही सरकला. चिपळूणला खोका सोबत उतरवून वडा-उसळ मागवली, तोवर वास आला. पिकलेल्या रायवळाचा वास फार चांगला असतो, पण तो पुराव्यातून येऊ नये. वाकून पाहिलं तर एक कोपरा ओला. वडा तसाच ठेवून मी रुमाल लावला. पुढे रस्त्याच्या कामाचे वळसे, दोन्ही बाजूंना कापलेला लाल जांभा, मग बावनदी. एरवी ही नदी दिसली की मी खिडकीत सरकतो. त्या दिवशी सारा वेळ खोका मांडीवर धरून बसलो होतो. रस पँटीत उतरत होता आणि मनात एकच, छापील किंमत भिजली तर ही आयुष्यभर खोटी ठरेल.

आयोगाच्या दारातच शिपायाने अडवलं. आंबे आत चालणार नाहीत, इथे कुणी काही घेत नाही, असं त्याने बजावलं. लाच नाही, पुरावा आहे, हे मी सांगितलं तेव्हा तो माझ्या पँटीकडे बघत होता. शेवटी व्हरांड्यातल्या बाकावर आंबे ओळीने मांडले आणि रिकामा, गळका खोका घेऊन आत गेलो.

आत मधोमध अध्यक्ष, शेजारी एक सदस्या. समोर दुकानदार आणि त्याचे वकील. वकिलांनी खोका पाहिला आणि नम्रपणे म्हणाले, “पुराव्याला मुंग्या लागल्यात, साहेब. हा आमच्या पक्षकाराचा माल वाटतो का?”

छापील किंमत शाबूत होती. पण खोका त्यांचाच, हे कसं दाखवायचं? बिलावर यंत्राचा नंबर नव्हता. अध्यक्षांनी विचारलं, आणखी काही पुरावा? मी म्हटलं, माझी बायको खोटं बोलत नाही. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

एवढ्यात रस टेबलावरच्या कागदांकडे निघाला. सदस्याबाईंनी घाईने खोका उचलून उलटा केला आणि तशाच थांबल्या. तळाशी जाड मार्करने लिहिलं होतं, ‘सुनंदा जाधव, भोस्ते, शाळेजवळ’.

आमच्या घरात प्रत्येक खोक्यावर कुणाचं तरी नाव-गाव असतं. कुणी ते वाचत नाही. मी तर त्याच तळावर आतून पेंढा पसरला होता.

बाईंनी आधी दुकानदाराला साधंच विचारलं, माल घरपोच कसा पाठवता?

“नाव टाकल्याशिवाय आमच्या टेम्पोत माल चढत नाही, मॅडम,” तो अभिमानाने म्हणाला. “बिल करतानाच मी स्वतः टाकतो.”

मग बाईंनी हाताने लिहिलेलं बिल खोक्याशेजारी धरलं. ‘भोस्ते’ मधल्या ‘भ’ला दोन्हीकडे तीच लांब शेपटी. दुकानदार वकिलांकडे बघू लागला, वकील खिडकीकडे.

त्यांनी थोडा वेळ मागून घेतला. व्हरांड्यात, आंब्यांच्या ओळीशेजारी, दुकानदार म्हणाला, “काका, जास्तीचे पैसे देतो. मिटवू.”

खरं सांगतो, सकाळी मी याच्यावर लगेच हो म्हटलं असतं. वाद मला झेपत नाही. पण मला ती मागची गल्ली दिसली. पावसात तिथे गुडघाभर चिखल असतो.

“पैसे तर द्यालच,” मी म्हटलं. “ते वाक्य मागे घ्या. लेखी.”

संध्याकाळच्या आत पुरसीस (दोन्ही बाजूंचं लेखी निवेदन) दाखल झाली. खोका आमच्याच दुकानातला होता, बाईंवरचा आरोप खोटा होता, असं त्याच लांब शेपटीच्या अक्षरात. अध्यक्षांनी ते मोठ्याने वाचून घेतलं. बाहेर आलो तर भूक परत आली होती. बांगडा-भात आणि दोन वाट्या सोलकढी झाली. निम्मे आंबे फुटले होते, उरलेले चुलतभावाला दिले. तो म्हणाला, आमच्याकडे हापूस असताना हे कशाला? आणि उभ्या उभ्या तीन चोखले.

परतीच्या गाडीत रिकामा खोका पुन्हा मांडीवरच ठेवला. आता गरज नव्हती, तरी. वाटलं, किंमत खोक्यावर छापलेली असते म्हणून निदान वाचता तरी येते. भरल्या दुकानात माणसाची किंमत कोणी कमी केली, तर ती परत लिहून घ्यायला शंभराच्या वर किलोमीटर जावं लागतं.

ही ओसरीवर पाय उशीवर ठेवून बसली होती. मी आंब्यांसकट सगळं कबूल केलं. तिने कागद दोनदा वाचला, घडी घातली, पदरात ठेवला. पैशांचं विचारलंच नाही.

“उद्या मला बाजारात ने,” ती म्हणाली. “त्याच्या दुकानावरूनच जाऊ. पाय दुखतोय, त्यामुळे सावकाशच चालावं लागेल.”