कोरड्या कापसाचं इंग्रजी

तिकडे अमेरिकेत गोरे आपसांत लढायला लागले, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि इकडे वऱ्हाडात भाव असा चढला, की लोकांनी उशा उसवून कापूस विकला. आमच्या गावात सगळे विटेवर डोकं ठेवून निजत. मान सरळ असलेला माणूस परगावचा समजावा! अशा दिवसांत मी हिवरखेडहून भरली गाडी अकोल्याला न्यायची, आणि कापूस घेणाऱ्या गोऱ्या साहेबाच्या दुभाष्यानं कापसाला हात न लावता म्हणायचं, "साहेब म्हणतेत, माल ओला हाय." साहेबाचे ओठसुद्धा हललेले नसत. बाजाराबाहेर याच दुभाष्याचा मेहुणा तोच 'ओला' माल निम्म्या भावात मागायला उभा! दोनदा मी गाडी तशीच परत आणली.

तिसऱ्या खेपेला साहेबाशी आपणच बोलायचं ठरवलं. अमरावतीच्या छावणीत बारा वर्षं एका साहेबाचा खानसामा असलेला म्हातारा अकोल्यात इंग्रजी शिकवी. घागरभर तूप घेतलं त्यानं. ते खाऊन इतका सुटला, की दारातून आडवा होऊन निघे. पंधरा दिवस मी घोकलं : कम हिअर, सिट डाऊन, गेट अप, पिक अप, टेक अवे, हरी अप, गेट आऊट.

बाजारात दुभाष्यानं तोंड उघडायच्या आत मी साहेबापुढे उभा राहिलो. आणि पाहतो तर काय, माल कोरडा आहे हे सांगायला माझ्यापाशी शब्दच नाही! होते ते सगळे हुकूम. मग तेच सोडले.

"कम हिअर!"

साहेब आला. विलायत सोडल्यापासून त्याला असं दरडावणारं कोणी भेटलं नसावं.

"सिट डाऊन!"

साहेब गाडीत, कापसात बसला. माझे बैल रवंथ थांबवून बघत राहिले.

"गेट अप!"

उठला. मागून विजार चाचपली. ठणठणीत कोरडी! दुभाष्याकडे असं बघितलं, की तो तिथंच वीतभर खुजा झाला. गाडी पूर्ण भावानं गेली.

तरी माझं डोकं शांत होईना. तडक म्हाताऱ्याकडे गेलो. "काहून गा, घागरभर तूप खाल्लं, अन् बोलाचालीचा एक शब्द नाई देल्ला मले? सारे दम!"

तो चूल फुंकत होता. मान वर न करता म्हणाला, "बारा वर्षांत जे ऐकलं, तेच देल्लं तुले. दुसरं साहेब माह्यासंग बोललाच नाई, बाप्पा."

मी घागर परत मागायला गेलो होतो. मागितली नाही. पण संताप अजून जात नाही. बारा वर्षं त्या छावणीतल्या साहेबानं याच्या हातचं गिळलं, आणि 'तू जेवलास का' एवढंही कधी विचारलं नाही!