दीडशे मीटरची फ्रिगेट आणि सुताची एक कांडी

खरं सांगतो, हे लिहायला मी महिना लावला. आधी म्हटलं फोटो निवडून घेऊ, मग आठवलं की जिच्यासाठी गेलो तिचा एकही फोटो आपल्याकडं नाही (का नाही ते पुढं येईल). मग मोहोळला हुरडा सुरू झाला, तिकडं चार दिवस गेले. मग गाडीची चेन. मधल्या काळात तिघाचौघांनी विचारलं, युद्धनौका आतून बघायला मिळते म्हणे, कसं जायचं? म्हणून आज जुळे सोलापुरात दादाच्या गच्चीवर बसलोय आणि हे संपवल्याशिवाय उठणार नाही.

सुरुवात न्हाव्याच्या दुकानात झाली. अर्धी दाढी झालेली असताना समोरच्या टीव्हीवर जगातल्या मोठ्या फ्रिगेटींचा कार्यक्रम लागला. जर्मनीची एक, सात हजार टनांच्या वर. ब्रिटनची नवी, अजून बांधतायत, तीही तेवढीच. आपली नवी, एकशे एकोणपन्नास मीटर लांब. फ्रिगेट म्हणजे खरं तर मधली बहीण. विनाशिकेपेक्षा लहान, गस्ती बोटीपेक्षा मोठी. न्हावी वस्तरा हातात धरून म्हणाला, "एवढी मोठी, आन् हिला ल्हान म्हणत्यात व्हय?" मला उत्तर येईना. आयटीआय मी अर्ध्यात सोडलेली, त्यामुळं न येणाऱ्या उत्तरांची सवय आहे, पण हे डोक्यातून जाईना.

आणि फ्रिगेटीवरचा एक माणूस माझ्या ओळखीचा आहे. नरेश. आयटीआयमध्ये माझ्या बाकावर बसायचा. मी सोडली, त्यानं पुरी केली आणि नौदलात गेला. त्याचं घर पूर्व भागात, खाली दोन माग, वर दोन खोल्या. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दिवसभर मागांची अशी खडखड की ती माणसं ओरडूनच बोलतात, रविवारीसुद्धा. नरेशच्या वडिलांना, म्हणजे काकांना, पोरानं माग चालवायला हवा होता. "दुसऱ्याच्या बोटीवर भांडी घासायला चाललाय," असं ते गल्लीत सगळ्यांना सांगायचे. तो निघाला त्या दिवशी ते स्टेशनवर आले नाहीत. त्याला दोन वर्षं झाली, बापलेकात एक शब्द नाही. आता त्याचं जहाज लांब जाणार होतं, सहा महिने तरी. कुठं आणि कधी ते लिहू नको असं त्यानं बजावलंय, जहाजाचं नावही लिहीत नाही. काकूंचं एकच म्हणणं होतं, जायच्या आधी या दोघांनी एकदा बोलावं.

डिसेंबरात नौदलवाले काही जहाजं लोकांसाठी खुली ठेवतात, हे नरेशनंच कळवलं. निघायच्या आदल्या दिवशी काकूंकडं गेलो. त्यांनी कडक भाकरीची चवड फडक्यात बांधून दिली आणि शेंगा चटणीची बरणी. ही भाकरी दोन महिने टिकते, समुद्रावर तर हीच पाहिजे. काका मागावरून उठले नाहीत. मी जिना उतरून गाडीला किक मारली तेव्हा मात्र मागून आले आणि खिशातून एक कांडी काढून माझ्या हातात दिली. कांडी म्हणजे मागात इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात बसते ती, आडव्या सुताची, वीतभर लाकडी. त्यांच्या कांड्यांच्या बुडाला लाल ठिपका असतो, दुसऱ्याच्या मागात मिसळू नये म्हणून.

"बोट केवडी हाय बघून ये," म्हणाले. "मोबाइलातलं सांगू नको, मोबाइल काय पन सांगतंय. नाकापास्नं शेपटापत्तोर सूत धर, गाठ मार, आन हितं. मी मोजतो."

मी विचारलं, नरेशला काय सांगू?

"त्याला काय सांगायचंय. बोटीचं माप आन."

पहिला दिवस. सोलापूरहून सकाळी सहाला निघा, उशीर करू नका, कारण टेंभुर्णीपर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांमागं अडकायला होतं. एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, मागचा दिवा असला तर नशीब. टेंभुर्णीला अकलूजचा फाटा दिसला आणि मला तिकडं वळायची जबर इच्छा झाली, काही कारण नव्हतं. नाही वळलो, हे या प्रवासातलं माझं मोठं यश. पण भिगवणला वळलोच. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. होडी पाच-सहा जणांत वाटून घेतली तर माणशी दोनशेच्या आसपास पडते, आणि नंतर रस्त्यावर कुठल्याही खानावळीत ताजा मासा, थाळी अडीचशेला. यंदा पक्षी अजून थोडेच होते, पण होडीवाले तात्या भारी निघाले. मी युद्धनौका बघायला चाललोय म्हटल्यावर त्यांना पक्षी दाखवायचंच सुधरेना. किती लांब विचारलं. माझ्या होडीसारख्या पंधरा-वीस एकापुढं एक लावा, असं मी म्हणालो. ते वल्हं वर उचलून म्हणाले, "मग ती वळती कशी?"

हाही प्रश्न मी वहीत लिहून घेतला. त्या रात्री पुण्यात मित्राकडं मुक्काम, खर्च शून्य.

दुसरा दिवस. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, जुन्या रस्त्यानं लोणावळा-खोपोली करत जायचं. घाटात घाई करू नका, आणि पनवेलनंतर नकाशा बंद करून माणसांना विचारत जा, मी नकाशा बघत दोनदा बंदराच्या कंटेनरांत शिरलो. सोलापूर-मुंबई चारशे किलोमीटर, माझी गाडी शंभर सीसी, एका बाजूचं पेट्रोल सात-आठशेत. फोर्टमध्ये डॉर्मिटरीत खाट मिळाली, सहाशे रुपये, पंखा चालू, पांघरूण आपलं. पांघरुणाला आपण सोलापूरकर घाबरत नाही, चादर गाडीला बांधूनच निघतो.

तिसरा दिवस, मुख्य. बॅलार्ड इस्टेटच्या बाजूच्या गेटावर साडेआठलाच रांग होती. तिकीट नाही, आधार कार्ड मात्र लागतं. यंदा मोबाइल आणि बॅगा बाहेर ठेवायला लावल्या. दरवर्षी नियम बदलतो म्हणे, तुम्ही जाताना विचारून घ्या. भाकरीच्या चवडीवरून बरीच चर्चा झाली. तपासणाऱ्यानं एक काढून ठोकून बघितली, टकटक वाजली, तसा तो हसला आणि म्हणाला, हे आत नाही. कांडी जॅकेटाच्या आतल्या खिशात होती. ती त्याला लागली, त्यानं हातात फिरवून बघितली, सूत आहे म्हटल्यावर परत दिली.

वळण घेतलं आणि ती दिसली. टीव्हीवर बघून मी मनात एक आकार केला होता, तो तिथल्या तिथं मोडला. करड्या रंगाची भिंतच. कुठं काही बाहेर आलेलं नाही, सगळ्या बाजू आत कललेल्या. शत्रूच्या रडारची लहर परत त्याच्याकडं जाऊ नये म्हणून तसं करतात, असं रांगेतल्या एका शाळेच्या मास्तरांनी पोरांना सांगितलं, मी फुकटात ऐकलं. नाकाजवळ तोफ एकच. मी निराश झालो होतो, पण तोफेच्या मागं डेकला टेकलेली चौकोनी झाकणं दिसली. क्षेपणास्त्रं त्या झाकणांखाली उभी असतात. धान्याच्या पेवासारखं, वरून काही कळत नाही.

नरेश कामावर होता, बाराला शिडीपाशी येतो म्हणाला होता. वाजले होते अकरा. एक तास मोकळा आणि खिशात कांडी. मला वाटलं ही काय लपवायची गोष्ट आहे, लांबी तर टीव्हीवर सांगतात. जहाजाच्या नाकासमोर धक्क्यावर दोरखंड बांधायचा लोखंडी खुंट होता. त्याला सुताचं टोक बांधलं आणि रांग सोडून, कांडी सोडत सोडत, शेपटाकडं चालायला लागलो. पांढरं सूत, करडी भिंत, वर सगळे बघतायत. मास्तरांची पोरं तर माझ्या मागून पावलं मोजायला लागली. धुराड्याच्या समोर आलो तेव्हा कुणीतरी एका हातानं सूत धरलं आणि दुसऱ्या हातानं मला.

पहारेकऱ्यानं हिंदीत विचारलं काय चाललंय. मी खरं सांगितलं. त्याला पटलं नाही, पटण्यासारखं नव्हतंच. मग एक मराठी साहेब आले. त्यांनाही खरं सांगितलं, की सोलापूरच्या एका विणकर बापाला पोराच्या जहाजाचं माप हवंय. साहेब म्हणाले, लांबी इंटरनेटवर आहे. म्हटलं, त्यांचा इंटरनेटवर विश्वास नाही. आजूबाजूचे हसले, साहेब हसले नाहीत. नाव विचारलं, पोराचंही. त्याला बोलवायला माणूस धाडला. माझ्यामुळं नरेशच्या नोकरीवर काही आलं तर? काकूंना काय सांगायचं, भाकरी पोचली, पोरगं अडकलं?

नरेश आला तो पांढऱ्या गणवेशात, हात पुसत. आधी माझ्याकडं बघितलं. "काय बे, हितंबी?" मग साहेबांच्या हातातली कांडी दिसली. त्यानं ती उलटी करून बुडाचा लाल ठिपका बघितला.

"नायनानं दिली?"

मी मान हलवली. नायना म्हणजे त्यांच्यात वडील. तो साहेबांना काही बोलला, हळू, मला ऐकू आलं नाही. साहेबांनी एकदा सुताकडं बघितलं, एकदा घड्याळाकडं, आणि म्हणाले, पुढं मोजायचं नाही, झालंय तेवढं गुंडाळून न्या.

नरेशनं पहारेकऱ्याची चिमूट होती तिथं गाठ मारली. मग खुंटापर्यंत जाऊन टोक सोडलं आणि अंगठा आणि करंगळीवर आठाच्या आकड्यासारखं सूत गोळा करत परत आला. इतक्या लोकांसमोर, गणवेशात. बोटं बघत नव्हता, बोटं आपली चालली होती. म्हणाला, "अर्धी झाली म्हणून सांग. पुरी झाली म्हणू नको, त्यांना कळतंय."

मग त्यानं जहाज दाखवलं. इंजिनाकडं लोकांना सोडत नाहीत, पण तो तिथंच काम करतो. भांडी घासत नाही. यंत्राचा आवाज जरा बदलला की त्याला आधी कळतं म्हणे, मीटर नंतर सांगतो. मागाजवळ झोपून वाढलेल्याला ते शिकवावं लागत नाही, असं तो म्हणाला, आणि हे घरी सांगू नको असंही म्हणाला. न्हाव्याचा प्रश्न विचारला. तर म्हणाला, नाव जुनंच राहिलं, पण पाणबुडी, विमान, जहाज, सगळ्यांशी एकटीनं लढायचं म्हटल्यावर पोट वाढत गेलं. जर्मनांची ती मोठी फ्रिगेट तर दोन वर्षं घरी न परतता राहील अशी बांधलीय, माणसं मात्र चार-चार महिन्यांनी बदलतात. जहाज तिथंच, पाळी बदलली. "मागासारखं," म्हणाला. आणि तात्यांचा प्रश्न? खाली दोन पंखे आहेत, एक पुढं, एक मागं फिरवला की वळते, पण तेवढी जागाही लागते, ती आपल्या उजनीत वळणार नाही.

निघताना गेटापर्यंत आला. भाकरी आणि चटणी तिथून घेतली, चटणी पिशवीत ओतून बरणी मला परत दिली, एक भाकरी तिथंच मोडून खाल्ली. वडिलांसाठी काही निरोप दिला नाही.

परतीचं काही सांगण्यासारखं नाही, एका दमात आलो, कंबर गेली. सोलापुरात पोचल्यावर आधी काकांकडं. त्यांनी माग बंद केला. गल्लीत सूत सोडलं, एक टोक मला धरायला लावलं आणि लांबी तशीच ठेवून घडी केलेली नव्वद इंची चादर सुताला लावत, एक-दोन-तीन मोजत गेले. गल्ली संपली, कोपऱ्यावरून वळले, मला दिसेनासे झाले. परत आले तेव्हा म्हणाले, "तेहेतीस चादरी. जराशी कमी." मी म्हटलं, काका, ही अर्धीच आहे. अर्ध्यावर धरलं मला.

"गाठ कुणी मारली?"

"नरेशनं."

त्यांनी गाठ नखानं चाचपली. विणकराची गाठ होती, सुतावरून हात फिरवला तर कळत नाही अशी. आवाज बदललेला त्याला आधी कळतो, हे मी त्यांना सांगून टाकलं, सांगू नको म्हटलं असलं तरी. त्यांनी सूत परत कांडीवर भरलं, कांडी खिशात, आणि माग चालू.

तर, जावं का? जावंच. सगळं मिळून तीन-साडेतीन हजारांत होतं, आणि दोरी, सूत, टेप घरी ठेवून जा. माझ्याजवळ काय राहिलं म्हणाल तर टनांचे आकडे नाही राहिले, ते परत बघावे लागले. आठाच्या आकड्यात फिरणारी ती बोटं राहिली. एक रुखरुखही राहिली, की माप नेलं पण बोलणं काही झालं नाही, आणि जहाज काही त्यासाठी थांबणार नाही. काल बरणी परत द्यायला गेलो तर खाली दोन्ही माग बंद. काकू म्हणाल्या, ते भिवंडीला गेलेत, मागाचे सुटे भाग आणायला. आठवड्याच्या मधल्या वारी ते दोन्ही माग एकदम बंद मी कधी बघितले नव्हते.

हे इथं संपवत होतो, तेवढ्यात नरेशचा फोन आला. गेटवरून त्याला बोलावणं आलंय. बाहेर एक म्हातारा उभा आहे, जहाजाचं राहिलेलं अर्धं माप घ्यायचंय म्हणतो, आणि कांडी खिशातून काढायला तयार नाही. नरेश जिना उतरत बोलत होता, धाप लागली होती.

"नायना आलेत बे," म्हणाला आणि फोन ठेवला.