त्या दुपारची भरती

भुताखेतांच्या गोष्टी मी वर्गात कुणाला सांगू देत नसे. मी शाळेत सायन्स शिकवायचो. हे आधीच सांगतो, कारण पुढचं अजून मलाच पटत नाही.

मध्य प्रदेश नवा होता. राजधानी इंदूरला न मिळाल्याची चिडचिड घरोघर ताजी होती. माझी पत्नी सुशीला हृदयाच्या दुखण्यानं थकत चालली होती. समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता. तिचे थोरले बंधू, महूचे अण्णा, मोटारीनं मुंबईला निघणार होते, तेव्हा आम्हीही जायचं ठरलं. नकाशा पसरून सुशीलेनं अलिबागच्या पुढच्या एका लहानशा गावावर बोट ठेवलं. तिथं माझ्या ओळखीचे एक मास्तर राहायचे. एक दुपार तिथं थांबायचं, एवढंच तिचं मागणं. अण्णा म्हणाले, पानी तो पानी है, मुंबईतही दिसेल. ती हटली नाही. मी मास्तरांना कळवलं.

निघायच्या आदल्या दिवशी अण्णांनी बेत मोडला. तिची तब्येत, रस्ता, घाट... कारणं पुष्कळ होती. बांधलेली वळकटी मात्र तिनं सोडली नाही.

ज्या दुपारी आम्ही त्या गावी असणार होतो, त्या दुपारी ती मागच्या ओसरीवर खुर्चीत बसली होती. अण्णा आणि मी आत चहा घेत होतो. अचानक ती मोठ्यानं म्हणाली, "हो, हो, भरती... कळलं."

बाहेर आलो तर डोळे उघडे, नजर कुठंतरी लांब. हाकेला ओ नाही.

अण्णा घाबरले. "ऐकलं ना, जावईबापू? खुद बोल रही है, भर्ती करा."

भरती-ओहोटी मी वर्गात शिकवायचो. पण आमच्या इंदुरी घरात भरती म्हणजे अस्पताल, दुसरं काही नाही. अस्पतालच्या वाटेत ती भानावर आली. मी बरी आहे, घरी न्या, म्हणत राहिली. अण्णांनी ऐकलं नाही. तिथून ती घरी आली नाही.

वर्षश्राद्धानंतर मी एकटाच त्या गावी गेलो. मास्तरांच्या पत्नीनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि विचारलं, वहिनींना नाही आणलंत?

मी तांब्या तोंडाला लावला. त्या सांगतच होत्या – आम्ही येणार होतो त्याच दुपारी वहिनी एकट्याच आल्या होत्या. मी इंदूरची, म्हणाल्या. आणि थेट पाण्यात जाऊन उभ्या.

"मी हाका मारल्या, वहिनी, मागं या, भरती येतेय. तर मागं वळून, हसून म्हणतात, हो, हो, भरती... कळलं. आणि मग विचारतात, इत्ता सारा पानी रोज येतं का हो? असं बोलणं आमच्याकडे कुणाचं?"

त्या चहा टाकायला आत गेल्या, तेवढ्यात वहिनी दिसेनाशा झाल्या म्हणे.

मी खाली वाळूवर गेलोच नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं निघालो.

अण्णांना सांगितलं, तेव्हा ते पेपरमागून म्हणाले, "कोई और होगी."

असेलही. पण तिनं समुद्र पाहिला, आणि हाक ऐकून ती मागं वळलीही होती... परक्या बाईनं तिला पाण्यातून परत बोलावलं. आम्ही घरच्यांनी तिला भरती केलं.