नर्सबाईची चामड्याची बॅग

माझी आई आदिलाबाद जिल्ह्यात, बेल्याकडच्या खेड्यांमध्ये नर्स होती. नोकरीला लागली तेव्हा निवृत्त होणाऱ्या एका थोरल्या नर्सबाईनं तिला आपली बॅग दिली. तपकिरी चामड्याची, रुंद तोंडाची, पितळी खटक्याची. आईला ती जड वाटायची. जपली ती बाबांनी.

बाबांची शेती थोडी होती, कापूस आणि ज्वारी. घर चालायचं ते आईच्या पगारावर. रविवारी बुद्धवंदना झाली की बाबा ओसरीवर पोतं अंथरून बसत आणि बॅग रिकामी करत. कोरड्या फडक्यानं धूळ झटकत, मग डब्यातलं मलम बोटावर घेऊन शिवणी शिवणीत भरत. मलम ते घरीच करत. पावसात बॅग भिजली, की आत जुने पेपर कोंबून सावलीत टांगून ठेवत. एकदा आईनं ती चुलीजवळ ठेवली तर केवढे चिडले होते! एरवी चिडणारा माणूस नव्हता तो.

सुरुवातीच्या वर्षांत ते आईसोबत गावोगाव जात. बाळंतपणाचं बोलावणं आलं की बॅग बाबांच्या खांद्यावर आणि आई पुढं, असे दोघं कापसाच्या बांधावरून निघायचे. नाल्याला पाणी असलं तर बाबा आधी बॅग पलीकडं ठेवून येत आणि मग आईला हात देत. आई सांगायची, त्या वाटेवर ते खूप बोलत. घरात तेवढं कधी बोलले नाहीत.

मग एका बाजाराच्या दिवशी, मी सोबत होते तेव्हा, ते घडलं. आई रात्रभर एका बाळंतिणीजवळ बसून परत येत होती आणि आम्ही दोघं तिला घ्यायला गेलो होतो. चहाच्या हॉटेलासमोर आमच्याच नात्यातला एक जण मोठ्यानं म्हणाला, "काय गा, नर्सबाईचा चपराशी झाला का तू?"

बाकावरची माणसं हसली. आईही हसली. थकलेली होती, चारचौघांत काय बोलावं ते सुचलं नसेल. पण हसली खरी. बाबांनी बॅग खांद्यावरून काढली, तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "तू हो पुढं. मले वावरात जा लागते."

त्यानंतर ते तिच्यासोबत कधी गेले नाहीत. घरात या गोष्टीवर कुणी चकार शब्द काढला नाही. आईला वाटलं, राग आहे, उतरेल. मग तीच रागावली, की एवढ्याशा गोष्टीवरून काय रुसायचं. बोलावणं आलं की ती एकटी निघायची आणि बाबा बैलांना पाणी दाखवायला मागच्या दारानं जायचे. रविवार मात्र चुकला नाही. बॅग तेल पिऊन मऊ राहिली, शिवण उसवली तर बाबा स्वतः दाभणानं टाके घालत.

पुढं नव्वद साल उलटल्यावर खात्याकडून रेक्झिनच्या हलक्या बॅगा आल्या. आईनं चामड्याची बॅग खुंटीला लावली. त्या रविवारी बाबांनी ती काढलीच.

"काऊन तेल वाया घालून राह्यले?" आई म्हणाली. "आता कोन नेते तिले?"

"ने नाही तं नको नेऊ," बाबा म्हणाले. "चामडं हाय, असं सोडून देता येत नाही."

आई आत निघून गेली. मी तेव्हा कॉलेजात होते. मला दोघंही हट्टी वाटले.

बाबा गेले ते मलेरियाच्या तापानं. त्या पावसाळ्यात आमच्या भागात घरोघरी ताप होता. आई सकाळी निघायची, गोळ्या वाटत, रक्त तपासायला घेत गावं पालथी घालायची. बाबांना ताप चढला तेव्हा ती लांबच्या पाड्यावर होती. "साधा हाय, तुह्या मायले निरोप धाडू नको, तिच्या मांगं काम हाय," असं त्यांनी मला बजावलं. ती आली तोवर ते बरळायला लागले होते. आदिलाबादला नेलं, पण उशीर झाला होता. आईनं त्या साथीत किती घरची माणसं वाचवली ते लोक अजून सांगतात. तिच्यासमोर मात्र कुणी ते बोललेलं तिला चालत नाही.

पुढच्या पावसाळ्यात खुंटीवरच्या बॅगेवर पांढरी बुरशी चढली. आईनं ती पाहिली आणि तिला जे येत होतं तेच तिनं केलं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून बॅग आतून-बाहेरून घासघासून पुसली आणि ऊन पडताच अंगणात ठेवली. संध्याकाळी उचलली तर चामडं लाकडासारखं कडक झालेलं. खटका उघडताना तोंडाशी तडकलं.

दुसऱ्या दिवशी ती सुट्टी टाकून मला घेऊन आदिलाबादला गेली. बसस्टँडजवळच्या मोच्यानं बॅग उलटीपालटी करून पाहिली.

"अम्मा, इसका तेल निकल गया. सिलाई कर देता हूँ, पर चमड़ा पहले जैसा नहीं होगा. पहले क्या लगाते थे इसको?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. एरंडीच्या तेलाचा वास यायचा एवढं मला आठवत होतं. त्यात मेण असायचं की आणखी काही, गरम लावायचे की थंड, ते मला सांगता येईना. तिलाही येईना. इतके रविवार तो माणूस आमच्यासमोर बसून ते करत होता.

"घरवाले लगाते थे," आई म्हणाली. "हमने कभी पूछा नहीं."

मोच्यानं तोंडाशी टाके घातले. परतीच्या बसमध्ये आईनं बॅग मांडीवर घेतली होती. गाव जवळ आलं तेव्हा खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "त्या बाजाराच्या दिवशी त्यायले वाटलं असन, मले लाज वाटते त्यायची."

"तसं नव्हतं ना, आई?"

"नव्हतं वं," ती म्हणाली. "पन म्या सांगतलं कुठं?"