अत्याचा आवाज ओळखणारी साक्षीदार

आईचा फोन आला तेव्हा मी कुंभकोणमला एका सभेत माइक धरून उभी होते. "अत्या गेली गं," एवढंच ती म्हणाली. वडिलोपार्जित घरात मुलीनं वाटा कसा मागायचा, हे मी तेव्हा समोरच्या बायकांना सांगत होते... आणि माझ्या अत्याचा वाटा आम्हीच घेतला होता.

अत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तंजावूरला कॉलेजात इतिहास शिकवायची, लग्न केलं नाही, आणि हौसेनं फार्सी शिकली. लोक आपल्या घराण्यातले जुने फार्सी कागद तिच्याकडे वाचून घ्यायला आणत. ती भिंग घेऊन तासन्‌तास बसायची, मध्येच एकटीच हसायची. एकदा नागूरच्या एका कुटुंबाचं खरेदीखत तिनं मला वाचून दाखवलं. एका बाईनं स्वतःची बाग विकली होती, स्वतःच्या शिक्क्यानं. नवऱ्याचं नाव फक्त ती कोण हे कळावं म्हणून. मी उडालेच. "अत्या, हे आमच्या सभांच्या पत्रकात टाकते! राजीखुशीनं विकली, असं चक्क लिहिलंय!"

"ते कारकून लिहितो गं. प्रत्येक कागदात लिहितो. तू खालचं बघ. बाई पडद्याआड आहे, म्हणून काजीनं दोन साक्षीदार घेतलेत, तिचा आवाज ओळखणारे. माझा जीव तिथं अडकतो. त्यांनी काय ऐकलं असेल?"

"एवढं पत्रकात मावत नाही."

"मग तुझं पत्रक लहान आहे, कण्णा," ती लाडानं म्हणाली.

मी राजीखुशीच छापली.

तिरुवैयारूला कावेरीजवळ आजोबांचं छोटं घर होतं. निम्मं बाबांचं, निम्मं अत्याचं. निवृत्तीनंतर तिथंच राहायचं, असं ती कायम म्हणायची. ओसरीवर कागद पसरायला उजेड चांगला. बाबांना ते विकायचं होतं. बाबा वाईट नव्हेत... भांडले नाहीत, आवाज चढवला नाही. "अक्का, एकटी तिथं कशी राहशील? आमच्याकडे राहा. हक्कसोड करून दे, व्यवहार सुटसुटीत होईल." रोज कॉफीबरोबर हेच. शेवटी अत्या माझ्याकडे आली. "तू सांग, करू का?" मी पत्रकांचे गठ्ठे बांधत होते. "तुझा हक्क आहे, तुझं तू ठरव," म्हटलं. केवढी तत्त्वाची बाई मी! ती एकटी पडली होती, आणि मी तिच्या हातात घोषणा ठेवली.

नोंदणी कचेरीत साक्षीदार म्हणून सही मीच केली. कुणाचा दबाव नाही ना, असं अधिकाऱ्यानं तमिळमध्ये विचारलं. अत्या म्हणाली, "इल्ले सार." नाही, सर. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तिचा आवाज टेबलाच्या पलीकडे जेमतेम गेला. अधिकाऱ्याला तो परका होता. मला नव्हता. मी ऐकलं, ओळखलं आणि तरी सही केली, कारण बाबा शेजारी उभे होते आणि घरात तमाशा नको होता. दुसऱ्यांच्या घरांत जाऊन मी कितीतरी तमाशे केलेत.

मग ती आमच्याकडे, जिन्यालगतच्या खोलीत राहायला आली. सगळं विचारून करायला लागली. "पंखा लावू का गं?" "सरोजा, अजून अर्धा टंब्लर कॉफी मिळेल?" आई हसायची, "काय अक्का, तुमचंच घर ना!" अत्याही हसायची. "हां, हां. माझंच."

काल आईनं ती खोली आवरायला काढली. अत्यासाठी आम्ही एक कपाट मुद्दाम मोकळं करून दिलं होतं. ते उघडलं तर तसंच, मोकळं. साड्या, चष्मा, फार्सी कोश, औषधं... सगळं खाटेखालच्या सुटकेसमध्ये, नीट घड्या घालून. उद्या सकाळच्या गाडीनं निघायचं असल्यासारखं. आई म्हणाली, "किती टापटीप बघ." मी बाबांना हाक मारली. ते दारापर्यंत आले. सुटकेसकडे बघत राहिले... आत काही आले नाहीत.