उलट्या शिंगाचं यान

दर रविवारी भंगारात हात घालणारी बाई म्हणून आकुर्डीत माझी ख्याती आहे. असू दे. चाकणच्या कंपनीत आठवडाभर प्लॅस्टिकचे पार्ट तपासते, सुट्टीच्या दिवशी प्लॅस्टिकचीच जुनी अंतराळयानं तपासते. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

लहानपणी टीव्हीवर अंतराळयानाची एक मालिका लागायची. त्या यानाच्या नकला इथल्या छोट्या छोट्या शेडमधून निघायच्या. बाबा डाय बनवायचे, म्हणजे ज्यात प्लॅस्टिक भरून खेळणं काढतात तो लोखंडी साचा. तसल्या एका यानाची डाय त्यांनी केली आणि पहिलं यान मला आणून दिलं. मी ते मिरवत शाळेत नेलं. पोरींनी नुसते दात काढले. टीव्हीतल्या यानाचं शिंग, म्हणजे शिंगासारखी अँटेना, उजवीकडे, माझ्या यानाचं डावीकडे! घरी येऊन मी बाबांना तोंडावर म्हणाले, "तुम्हाला साधं खेळणं जमत नाही," आणि ते मागच्या नाल्यात भिरकावलं. तेच अजून सलतं.

स्वतः या कामात आले तेव्हा कळलं. साच्यात सगळं उलटं कोरावं लागतं. दिवाळीच्या घाईत बाबांनी चित्र दिसलं तसंच कोरलं, आणि शेडच्या मालकाने माल तसाच काढला.

आता काचबिंदूने बाबांची नजर गेली आहे. त्यांच्या त्या डायमधलं एक तरी यान त्यांच्या हातात द्यायचंच, असं मी ठरवून टाकलं. विकणारे म्हणतात, "ताई, ओरिजिनल आहे, फॉरेनचं!" कसलं फॉरेनचं! जोडाची जाड रेघ आणि साच्यातून माल बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे पोटावरचे ठसे बघितले की कळतं, नक्कल आहे. पण शिंग उजवीकडे, म्हणजे माझ्या बाबांची नव्हे.

भंगारवाले चाचा तीन वर्षं माझ्यासाठी यानं बाजूला ठेवत होते. परवा वैतागून म्हटलं, "चाचा, डाव्या शिंगाचं एकही कसं येत नाही हो?"

ते चाटच पडले. "अरे बेटी, ते फॉल्टी पीस! तू क्वालिटीवाली, तुला काय दाखवायचं? थेट भुगा करायला, दळायला पाठवायचो मी."

मी कपाळाला हात लावला. बापाची चूक शोधतेय, हे सांगायची लाज वाटत होती ना मला! "आता एक जरी दळलंत तर बघा," मी ओरडलेच. चाचाही इरेला पेटले. आम्ही दोघांनी मिळून गोण्या उपसल्या. तिसऱ्या गोणीच्या तळाशी ते होतं. एक पंख तुटलेला, रंग उडालेला, शिंग डावीकडे.

घरी येऊन ते बाबांच्या हातात ठेवलं. त्यांचा अंगठा कडेकडेने फिरला आणि शिंगापाशी थांबला.

"माझंच," ते म्हणाले.

"तेव्हा मी फेकलं होतं, बाबा. चुकले मी."

"आठवतंय मला," बाबा म्हणाले. "दुसऱ्या दिवशी नाल्यात उतरून शोधलं होतं मी. मिळालं नाही."